मी रजेवर, आणि नळाला पाणी!

नाही, पण मी काय म्हणतो, आठ दिवसांत एकदा... एकदा तरी पाणी जायला नको होतं? माझं मागणं फार नाही हो! टाकी फुटू दे असं मी म्हणत नाही, पंप जळू दे असं म्हणत नाही, पण सव्वीस वर्षं ज्या माणसानं अख्ख्या गावाला पाणी पाजलं, तो माणूस रजेवर जातो आणि नळाला त्याचा पत्ताही लागू नये? निदान एक दिवस करंगळीएवढी धार? निदान थोडं गढूळ?

पहिल्या दिवशी तुम्हाला सांगतो, मी पहाटेच उठून बाथरूममध्ये स्टूल टाकून बसलो. आमच्या भागाला सहाला पाणी. पाच अठ्ठावन्न झाले, एकोणसाठ झाले, मी नळाकडे बघतोय, नळ माझ्याकडे बघतोय, मनात म्हटलं आता बघा मजा, आता कळेल सगळ्यांना, आणि सहाच्या ठोक्याला... फुस्स, खर्र, आणि धो धो धो! पाणी आलं! वेळेवर! वर बायको बाहेरून विचारते, "अहो, आज धार काय छान आहे नाही?"

छान? मी नळ बंद करून परत उघडला, तरी छानच!

थांबा, मी कोण ते सांगायचं राहिलंच. मी पाणीपुरवठ्यातला माणूस. कागदावर मोठं नाव आहे माझ्या हुद्द्याचं, पण लोक म्हणतात व्हॉल्व्हवाला. रस्त्याखाली दोनशे चौदा व्हॉल्व्ह आहेत आमच्याकडे, कुठला कधी उघडायचा, किती फेरे, कुठल्याला आधी हातोडीनं दोन टोले द्यायचे, हे सगळं माझ्या डोक्यात. नकाशा आहे की! पण तो ज्यानं काढला तो कधीच वर गेला, आणि जिवंत होता तेव्हाही त्याला दिशा कळत नव्हत्या. नकाशात व्हॉल्व्ह शाळेच्या फाटकाशी, आणि प्रत्यक्षात न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीखाली! दर वेळी त्याच्या गिऱ्हाईकाला अर्ध्या दाढीत उठवायचं, पायरी सरकवायची आणि मग पाणी सोडायचं. हे नकाशात असतं का? हे इथं असतं... इथं, डोक्यात!

आणि असा माणूस रजेवर का गेला? मी गेलो नाही हो, मला पाठवलं! महिन्यापूर्वी भर चौकात चेंबरच्या झाकणावर बसलो आणि उठताच येईना. डोळ्यांपुढं काजवे. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, "शेवटची रजा कधी घेतली होती?" मी म्हटलं, "बहिणीच्या लग्नाला, अर्धा दिवस." "कधी झालं लग्न?" मी म्हटलं, "भाची आता कॉलेजात आहे." डॉक्टरांनी पेन ठेवलं खाली, माझ्याकडे बघितलं, परत पेन उचललं आणि लिहिलं: आठ दिवस घरी, कुटुंबाबरोबर, संपूर्ण विश्रांती, कामाचा फोनसुद्धा नाही.

बरं, घरी बसा म्हटल्यावर बसता येतं का? आमच्या ऑफिसात एक पद्धत आहे. रजेवर जाण्याआधी आपण काय काय करतो ते सगळं लिहून द्यायचं. दिसायला किती साधी पद्धत! पण मीटर विभागात एक जण होता, बिचारा दहा दिवस गेला मुलाला भेटायला. जाताना चार पानं लिहून दिली, सुवाच्य अक्षरात. परत आला तर टेबल होतं, पण टेबलावर प्रिंटर! अहो, माणसाला उठवता येतं, प्रिंटरला कोण उठवणार? तो आठवडाभर प्रिंटरशेजारी उभा राहिला, मग कुठल्या तरी गोदामात गेला, आणि तेव्हापासून आमच्या मजल्यावर कुणी रजा घेत नाही. सर्दी झाली तरी दाबून शिंकतात.

आणि आता मला साहेब म्हणाले, "निवांत जा. फक्त तेवढं लिहून द्या." आणि साहेबांच्या मागं ती नवीन इंजिनियर बाई. पोरगी हुशार, दोन वर्षं झाली येऊन, हातात कायम तो पाटीसारखा टॅब, आणि आवाज कसा, मधाळ... "काका, सगळं लिहा हं. काहीच सोडू नका." सगळं! काहीच सोडू नका! बळीच्या बोकडाच्या गळ्यात हार घालताना मान मोजतात तसा तो आवाज.

लिहायला बसलो. शहाण्णव पानी वही. आणि तुम्हाला खरं सांगतो, पहिल्यांदा चढलीच मला. बघा म्हटलं, एवढं करतो मी! एकेक व्हॉल्व्ह, त्याची खोड, त्याचं दुखणं, न्हाव्याची पायरी, सगळं. पण दीडशेच्या पुढं गेलो तसं जाणवायला लागलं की वही जड होतेय आणि मी रिकामा होतोय. दोनशे तेराला आलो आणि पेन थांबलं. राहिला होता एकच, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असलेला उलटा.

आता उलटा म्हणजे काय, ते ऐका, कारण सगळं रामायण तिथंच आहे. जगातला कुठलाही व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की बंद होतो. हा एकटा डावीकडे बंद होतो. कुणी बसवला, का बसवला, देव जाणे. एरवी तो अर्धा उघडा असतो, त्याला कुणी हात लावायचा नाही. पण महिन्यातून एकदा टाकी धुतात. त्या दिवशी पंपाचं पाणी टाकीत न जाता थेट गल्ल्यांत सोडतात, आणि त्याआधी हा उलटा पूर्ण बंद करावा लागतो. का? तर त्याच्या पुढचा पाइप बिडाचा, जुना, गंजलेला, पंपाचा जोर त्याला सोसायचा नाही. कुणी अडाण्यासारखा उजवीकडे फिरवला तर बंद व्हायच्याऐवजी तो सताड उघडेल, आणि पंप सुरू झाला की पाइप फुटेल, रस्त्यासकट!

तर हा उलटा मी लिहिला नाही.

मुद्दाम. हो, मुद्दाम! बघू नका असं माझ्याकडे. दोनशे तेरा दिले ना? एक ठेवला स्वतःजवळ. माझा हिशेब सरळ होता. माझ्या रजेच्या सहाव्या दिवशी, गुरुवारी, टाकी धुणार. वहीत उलटा सापडणार नाही. मग फोन येणार. "काका, तुमच्याशिवाय अडलं हो!" मग मी आढेवेढे घेणार, डॉक्टरांचं नाव सांगणार, आणि मग जाणार. टेबलावर प्रिंटर बसायच्या आत.

म्हणून फोनची वाट बघत होतो. दुसरा दिवस. पाणी आलं! वेळेवर! फोन नाही. मुलीला म्हटलं, "बाळा, मला जरा फोन कर." तिनं शेजारच्या खोलीतून केला. वाजला. "बाबा, चालू आहे फोन." "मग कुणी करत का नाही?" आईकडे बघितलं तिनं. आणि तिच्या आईनं ओट्याकडे तोंड फिरवलं. हे असं बघणं मी पहिल्यांदा बघितलं आणि नंतर मला ते सगळीकडे दिसायला लागलं.

कारण तुम्हाला सांगतो, घरात काहीतरी शिजत होतं. बायकोचा फोन वाजायचा. माझा नाही, तिचा! वाजला की ती पदराला हात पुसत गॅलरीत जायची, दार ओढून घ्यायची. काचेतून दिसायचं नुसतं मान हलवणं. मी जवळ गेलो की, "बरं, ठेवते." कोण होतं? "कुणी नाही. मैत्रीण." तिला मैत्रीण आहे हे मला सव्वीस वर्षांत माहीत नव्हतं! मुलगी लॅपटॉपवर काहीतरी बघत असायची, मी आत आलो की झाकण खाली. मला वेळेवर चहा, वेळेवर जेवण, कुणी मोठ्यानं बोलत नाही, कुणी माझ्याशी भांडत नाही. अहो, आमच्या घरात भांडण थांबतं ते कुणीतरी गेल्यावरच!

आणि आमची म्हातारी आई. बाकी सगळे कुजबुजतात, पण तिला कुजबुजता येतं कुठं? खिडकीत बसून दिवसातून चार वेळा विचारणार, "अरे, काढलं का रे तुला?" "नाही गं आई, रजेवर आहे." "असं आधी सांगतात. तुझ्या मामालाही असंच सांगितलं होतं." खालून जाणारा माणूस वर बघायचा. तिसऱ्या दिवशी समोरचा शिंपी मला अगदी हळव्या आवाजात म्हणाला, "काही लागलं तर सांगा हं." म्हटलं, काय लागणार मला? "नाही, असंच," म्हणाला आणि सुईत दोरा ओवायला लागला. पाणी कुठंतरी मुरत होतं. आणि पाण्याच्या माणसाला ते कळणार नाही?

चौथा दिवस. पाणी आलं! वेळेवर! दोन मिनिटं आधीच म्हणा ना! मी स्टुलावर बसून त्या धारेकडे बघत होतो आणि अचानक माझ्या डोक्यात ते आलं, जे आधी यायला हवं होतं. मी म्हणत होतो ते फोन करतील. पण केला नाही तर? चार दिवस एक फोन नाही, म्हणजे ती बाई अडली की विचारणाऱ्यातली नाही, अडली की करून टाकणाऱ्यातली आहे! गुरुवारी ती व्हॉल्व्हपाशी येणार, वही बघणार, वहीत नाही म्हटल्यावर म्हणणार, "नाही ना? मग साधाच असणार," आणि फिरवणार उजवीकडे! आणि तो बिडाचा पाइप जातो कुठून? आमच्या गल्लीतून. आमच्या इमारतीच्या पायाला घासून. जिथं माझी आई खिडकीत बसते, त्या खिडकीच्या बरोबर खालून!

हसू नका. मी माझ्याच घराखाली ते संकट ठेवून आलो होतो. स्वतःच्या हातानं.

मग फोन कर ना, सांग ना, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. फोन उचलला. पण सांगणार काय? "मी एक मुद्दाम लिहिला नव्हता"? सव्वीस वर्षांत माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही, आणि हे स्वतःच्या तोंडानं? तिथल्या तिथं प्रिंटर आला असता. फोन ठेवला. परत उचलला. बायको म्हणाली, "अहो, विश्रांती घेताय की पहारा करताय?" मी म्हटलं, "घेतोय की." आणि तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. इतकी वाईट वाटली मला ती माया, काय सांगू.

पाचव्या दिवशी मी माळ्यावरून सळई काढली. आमची गळती ऐकायची सळई असते, एक टोक रस्त्याला लावायचं, दुसरं कानाला, जमिनीखालचं पाणी ऐकू येतं. भर दुपारी, लेंगा, बनियन आणि सळई, गल्लीच्या मधोमध मी ओणवा! लोक वळसा घालून जातायत. एका बाईनं पोराला ओढून जवळ घेतलं. मी ऐकतोय... गुर्र... गुर्र... पाइप आतून घसा साफ करतोय की काय असं वाटावं! आणि वरून आई, "अरे, खरंच काढलं वाटतं याला!"

त्या दिवशी माझ्या मुलीनं मला हाताला धरून घरात नेलं. लहानपणी मी तिला रस्ता ओलांडताना धरायचो तसं. लिफ्टमध्ये म्हणाली, "बाबा, तुम्ही घरी असलात की मला आवडतं. पण तुम्ही घरी नसताच." मी मजल्यांचे आकडे मोजत होतो. माझं सगळं लक्ष गुरुवारात.

गुरुवार! सहाला पाणी आलं. वेळेवर. मी ठरवलं, बस्स. व्हायचं ते होऊ दे, सांगून टाकायचं. टाकी धुण्याआधी व्हॉल्व्ह बंद करायला दहाला गाडी येते. साडेनऊला मी लेंग्यातच खाली उतरलो, गाडी नेहमी वळते त्या मागच्या कोपऱ्यावर जाऊन उभा. दहा वाजले. गाडी नाही. सव्वादहा. आणि मग मला दिसलं की गाडी दुसऱ्या बाजूनं, थेट उलट्यापाशी आली, ती बाई उतरली, दोन फिटर उतरले, झाकण निघालं, चावी आत गेली... आणि मी पळालो! अहो, चेंबरच्या झाकणावरून उठता येत नव्हतं तो माणूस, एक चप्पल मागं टाकून पळालो! "थांबा! थांबा! हात लावू नका! चूक माझी आहे! मी लिहिलं नाही! तो उल..."

"काका!" ती बाई म्हणाली. "तुम्ही रजेवर ना?"

मी धापा टाकत चेंबरमध्ये बघितलं. फिटर चावी फिरवत होता. डावीकडे. शांतपणे. "साडेअकरा फेरे," तो मला म्हणाला, जणू मीच शिकाऊ. "सातव्याला जरा थांबायचं. कुरकुरतो तो. दम खाऊ द्यायचा त्याला."

दम खाऊ द्यायचा त्याला! हे तर माझे शब्द! हे मी कुठल्या वहीत लिहिलेलं नाही, कुठल्या साहेबाला सांगितलेलं नाही. म्हटलं, "कुणी सांगितलं?" बाई म्हणाली, "काकूंनी. तुम्हाला फोन करायचा नाही असं डॉक्टरांचं पत्र होतं ना, म्हणून आम्ही रजेच्या आदल्या संध्याकाळपासून त्यांनाच विचारतोय. काय काय ठाऊक आहे हो त्यांना! धार वाढली ना इतके दिवस? त्यांनीच सांगितलं की सव्वीस नंबरचा व्हॉल्व्ह एक फेरा जास्त उघडा, आमचे हे नेहमी उघडीन म्हणतात आणि विसरतात."

मी वर बघितलं. गॅलरीत बायको उभी. कानाला फोन, ओठ हलतायत. फेरे मोजत होती.

घरी आलो. एका पायात चप्पल. म्हटलं, "तुला हे सगळं कसं माहीत?" ती म्हणाली, "सव्वीस वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलंय मी? लोक जेवताना भाजीला नावं ठेवतात, तुम्ही व्हॉल्व्हना." मग खुर्चीत बसली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी सांगितलं नसतं तर त्यांनी तुम्हालाच बोलावलं असतं. मला तुम्ही आठ दिवस घरात हवे होतात. चौकात बसलेले आणि उठता न येणारे नको होतात." आणि मग जरा थांबली. "त्या बाईंना मी म्हटलं, तब्येतीमुळं एक लिहायचा विसरले असतील." आता मात्र बघितलं तिनं माझ्याकडे. "विसरलात ना?"

तुम्हाला सांगतो, आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. खाली ती गल्ली, त्या खिडकीत माझी आई, आणि बायको मला वाचवायला तो एक शब्द पुढं करून बसलेली. मी म्हटलं, "हो. विसरलो." ती म्हणाली, "होतं असं," आणि चहा टाकायला उठली. तिला सगळं माहीत होतं. माझ्या मुलीनं लॅपटॉप उघडून दाखवला. त्यात तिच्या आईनं सांगितलेला एकेक व्हॉल्व्ह हिनं टाइप करून ठेवला होता, दोनशे चौदाच्या दोनशे चौदा, रोज ऑफिसला पाठवत होती. न्हाव्याच्या पायरीला तर तिनं फोटोसुद्धा जोडला होता.

उरलेले दोन दिवस मी खरंच झोपलो. सहाला उठलोही नाही. पाणी आलं असणार. वेळेवर. मला आता विचारायची सोय नव्हती.

सोमवारी कामावर गेलो. जिना चढलो, दारातूनच टेबलाकडे बघितलं. प्रिंटर नव्हता! टेबल माझं, खुर्ची माझी, पुसून ठेवलेली! डोळ्यांत पाणी आलं हो. तेवढ्यात साहेब स्वतः केबिनमधून बाहेर आले, दोन्ही हात पसरून, "या या या! बरं झालं आलात! केव्हाची वाट बघतोय! तो तीन नंबरचा पंप सकाळपासून कसला तरी आवाज करतोय, कुणाला काही कळत नाहीये!" माझी छाती अशी भरून आली... मी बाह्या मागं सारल्या, चावी उचलली, म्हटलं, "साहेब, बोला!"

साहेब म्हणाले, "वहिनी असतील ना आत्ता घरी?"

मी चावी खाली ठेवली. म्हटलं, "असतील की. तिला कुठं रजा असते?" आणि नंबर लावून दिला.